४०६० की ४०५०? दुकानात आधी वॉट विचारा

प्रश्न: मी कागलला एका पतसंस्थेत नोकरी करते. धाकटा भाऊ कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीनं जा-ये करतो. त्याला गेम चालतील असा लॅपटॉप हवाय, कॉलेजचं कॅडचं (संगणकावर यंत्रांची चित्रं काढायचं) कामही त्यावरच होणार. यंदाच्या ऊसबिलातले वडिलांचे आणि थोडे माझे मिळून ९० हजार बाजूला काढलेत, अगदीच गरज पडली तर दोन-तीन हजार वर. राजारामपुरीतल्या एका दुकानात तीन लॅपटॉप दाखवले: ६८ हजारांचा आरटीएक्स ३०५०, ८६ हजारांचा जाडजूड ४०५० आणि ९२ हजारांचा पातळ, देखणा ४०६०. दुकानदार म्हणतो, आकडा मोठा तेवढं कार्ड भारी, ४०६० च घ्या. भाऊ म्हणतो, जाड असला तरी तो ४०५० बरा. तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढं सायबरपंक खेळायचाय म्हणतो. मला यातलं काही कळत नाही. कुणाचं ऐकू?
(एक ताई, कागल)

उत्तर: ताई, भावाचं ऐका. फक्त ८६ हजार मोजायच्या आधी त्या ४०५० बद्दल काही गोष्टी विचारून घ्या. नुसत्या नावावर घेतला तर ४०६० घेताना जी फसगत होते, ती ४०५० घेतानाही होते.

३०५०, ४०५०, ४०६० ही ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे लॅपटॉपमध्ये गेमचं चित्र काढणाऱ्या भागाची नावं. पण कार्डाचं नाव ही निम्मीच माहिती असते. त्या कार्डाला वीज किती मिळते, ही उरलेली निम्मी. एनव्हिडिया कंपनी ४०५० आणि ४०६० ही दोन्ही कार्डं लॅपटॉप कंपन्यांना ३५ ते ११५ वॉट एवढ्या मोठ्या पट्ट्यात वापरायला देते. त्यातला नेमका आकडा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, आणि तो ठरतो आतले पंखे केवढे, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या किती आणि चार्जर केवढा यावर. पातळ लॅपटॉपात यातल्या कशालाच जागा नसते, म्हणून कार्डाला कमी वॉटवर बांधून ठेवतात. शेतातल्या ५ एचपीच्या मोटरला व्होल्टेज कमी आलं की पाणी कमी पडतं. मोटर तीच असते, तसंच हे.

४०६० मध्ये ३,०७२ कोअर (हिशेब करणारे छोटे भाग) आहेत, ४०५० मध्ये २,५६०. पूर्ण वीज मिळाली तर ४०६० पुढंच राहणार, यात वाद नाही. पण ४५ वॉटवर बांधलेलं ४०६० आणि ९५ वॉट घेणारं ४०५० शेजारी ठेवलं, तर बहुतेक गेममध्ये ४०५० पुढं जातं. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा: या पातळ लॅपटॉपचा टीजीपी किती? टीजीपी म्हणजे कार्डाला मिळणारे वॉट. उत्तर ९० च्या वर आलं तर ४०६० साठी सहा हजार जास्त द्यायला हरकत नाही. साधारण १०० वॉटच्या पुढं ४०६० ला आणखी वीज देऊन विशेष फरक पडत नाही, त्यामुळं १४० चा आकडा सांगून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. आणि सांगितलेला आकडा डायनॅमिक बूस्ट धरून आहे का, तेही विचारा. प्रोसेसरवर ताण कमी असताना त्याच्या वाटणीचे १०-२५ वॉट कार्डाकडं वळवतात, ते मिळवून मोठा आकडा छापायची पद्धत आहे.

दुकानातल्या पाटीवर टीजीपी बहुधा नसतोच. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर पूर्ण मॉडेल नंबर असतो, शेवटच्या अक्षरांसकट तो लिहून घ्या. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळ्या वॉटचे लॅपटॉप निघतात आणि फरक त्या शेपटातच असतो. मग कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचं माहितीपत्रक उघडून बघा. डेमोचा लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, तिथं मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर या ओळीसमोर आकडा दिसतो. यातलं काहीच जमलं नाही तर चार्जर उलटा करून त्यावरचे वॉट वाचा. कार्डाला ९५, प्रोसेसरला ४५, स्क्रीन, पंखे आणि बाकी सगळ्याला २०-३० धरले तर १७० च्या आसपास बेरीज होते. म्हणजे १८० ते २३० वॉटचा चार्जर हवा. डब्यात १२० किंवा १३५ वॉटचा चार्जर निघाला, तर त्या कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही हे दुकानदार काहीही म्हणाला तरी पक्कं समजा.

आता मेमरी. कार्डाची स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. लॅपटॉपच्या १६ जीबी रॅमशी तिचा संबंध नाही, आणि रॅमसारखी ती नंतर वाढवताही येत नाही. ४०५० ला ६ जीबी असते, ४०६० ला ८. ही मेमरी भरली की गेम उरलेला माल साध्या रॅममध्ये ठेवतो, तिथून तो आणायला वेळ लागतो, आणि पडद्यावर गेम मधेच अडखळतो किंवा भिंती-रस्ते धुरकट दिसतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) चांगला दिसत असूनही खेळताना झटके बसतात ते यामुळं. ६ जीबीवर टेक्स्चर (भिंती-रस्त्यांचं बारीक चित्रण) ही एक सेटिंग अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. पण अलीकडचे काही गेम, उदाहरणार्थ डूम: द डार्क एजेस, किमान ८ जीबी मागतात. भावाला असे गेम खेळायचे असतील तर ४०५० कमी पडेल, हे त्याला आत्ताच माहीत असू दे.

याच कारणासाठी दुकानात आरटीएक्स ५०५० चाही भाव विचारा. हे नव्या पिढीचं कार्ड आहे आणि त्याला ८ जीबी मेमरी आहे. पूर्ण वॉटचा ५०५० तुमच्या ९० हजारांत बसत असेल तर ४०५० सोडून तोच घ्या.

३०५० चं सांगायचं तर या एकाच नावाखाली ४ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं विकली जातात. ४ जीबीचं आज घेऊ नका, ६८ हजारांत तर नकोच. २०५० कुणी दाखवलं तर त्याच्याकडंही वळू नका.

भावाचे गेम बघू. व्हॅलोरंट हलका गेम आहे, वेगळं कार्ड नसलेल्या चांगल्या लॅपटॉपवरही तो चालतो. त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर आणि स्क्रीनचा वेग महत्त्वाचा. विंडोज ११ वर तो सुरू व्हायला टीपीएम आणि सिक्युअर बूट या लॅपटॉपच्या दोन सुरक्षा सोयी चालू असाव्या लागतात. नव्या लॅपटॉपात त्या चालूच असतात, पण पुढं कुणी विंडोज नव्यानं टाकून देताना सिक्युअर बूट बंद करून ठेवलं तर गेम एरर देईल, तेव्हा आधी तिथं बघायचं. जीटीए ५ ला ४०५० पुरून उरतं. सायबरपंक जड आहे. १०८० रिझोल्यूशनवर (१९२० बाय १०८० ठिपके), मीडियम-हायच्या मिश्र सेटिंगवर आणि डीएलएसएस (ते काय ते खाली आहे) क्वालिटीवर ठेवून ६० एफपीएसच्या आसपास खेळता येईल. पाथ ट्रेसिंग नावाची, प्रकाश खऱ्यासारखा दाखवणारी जड सेटिंग मात्र या कार्डासाठी नाही.

डीएलएसएस म्हणजे कार्ड कमी ठिपक्यांचं चित्र काढतं आणि ते मोठं करून दाखवतं, त्यामुळं भार कमी होतो. सगळ्या आरटीएक्स कार्डांवर हे चालतं. फ्रेम जनरेशन ही पुढची सोय ४० च्या मालिकेपासून आहे, म्हणजे ३०५० वर नाही. पण "डीएलएसएसनं २०० एफपीएस" असं कुणी दाखवलं तर मुळात किती येतात ते विचारा. मुळात ३० येत असतील तर मधल्या फ्रेम भरून आकडा वाढतो, पण माऊस हलवल्यावर लागणारा उशीर तसाच राहतो.

स्क्रीनकडं दुकानात कुणी नीट बघत नाही, आणि रोज चार-पाच तास डोळ्यांसमोर तीच असते. माहितीपत्रकात "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं दिसलं तर तो स्वस्त पडदा आहे. त्यावर रंग फिके दिसतात आणि वेगानं काही हललं की मागं सावली ओढल्यासारखी दिसते. "१०० टक्के एसआरजीबी" आणि निदान ३०० निट्स प्रकाश हवा. वेग १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) पुरेसा आहे, १६५ आणि १४४ मधल्या फरकासाठी पैसे वाढवू नका. २५६० बाय १६०० चा पडदा ४०५० सोबत मिळत असला तरी टाळा, त्यात १०८० च्या जवळजवळ दुप्पट ठिपके आहेत आणि ते सगळे कार्डाला रंगवावे लागतात.

मक्स स्विच आहे का, हेही विचारा. तो नसेल तर मोठ्या कार्डानं काढलेलं चित्र आधी प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडं जातं आणि मग पडद्यावर येतं. या वळशात काही फ्रेम जातात, आणि व्हॅलोरंटसारख्या वेगवान गेममध्ये तो फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच, एचएस किंवा एचएक्स असावं. एक खास गोष्ट तुमच्या भावासाठी: रायझन ७ ७४३५एचएस हा प्रोसेसर स्वस्त गेमिंग लॅपटॉपांत फार दिसतो. गेमला तो चांगला आहे, पण त्यात छोटं ग्राफिक्स नाहीच. म्हणजे वर्गात नुसती पीडीएफ वाचतानाही मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी भराभर उतरते. ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही त्यानं खुशाल घ्यावा. रोज कागलहून एसटीनं येऊन दिवसभर कॉलेजात बसणाऱ्या मुलानं घेऊ नये.

वजनाचा विचारही त्याच्या एसटीच्या हिशेबानंच करा. जाड लॅपटॉप २.३-२.४ किलोचा आणि त्याचा विटेएवढा चार्जर वेगळा. उपाय आहे. टाइप-सी पोर्टमधून चार्जिंग चालतं का ते विचारा. चालत असेल तर कॉलेजला ६५ किंवा १०० वॉटचा छोटा चार्जर न्यायचा आणि मोठा घरीच ठेवायचा. छोट्या चार्जरवर कॅड आणि लिखाण होतं, गेम होत नाही. बॅटरीवरही गेमची अपेक्षा ठेवू नका. वायर काढली की कार्डाचे वॉट आपोआप उतरतात, बॅटरी तेवढी वीज देऊच शकत नाही.

कॅडसाठी वेगळं कार्ड शोधायची गरज नाही. सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅडचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरच्या वेगावर आणि रॅमवर चालतं. विद्यार्थ्याच्या असेंब्लीला १६ जीबी रॅम आणि यातलं कुठलंही कार्ड पुरतं.

पण ती १६ जीबी कशी बसवलीय ते बघा. ८-८ च्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. एकच पट्टी असेल तर रस्ता निम्मा होतो आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फ्रेम मधेच पडतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एक दिसला तर नंतर तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी टाका. पट्टी टाकताना दोन चुका नेहमी होतात. पट्टी तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची असते, दोन्ही बाजूंच्या पकडी खट्कन बसल्या नाहीत तर लॅपटॉप सुरूच होत नाही. आणि डीडीआर५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर, कधी काही मिनिटं काळाच राहतो. तेव्हा तो नव्या रॅमची जुळणी करत असतो. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात, आणि पुढच्या वेळी जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थांबायचं. झाकण उघडल्यानं वॉरंटीला बाधा येते का, हे मात्र आधी कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या.

एसएसडी (गेम आणि फायली साठवायची जागा) ५१२ जीबी असेल तर विंडोजमध्ये ती ४७६ च दिसते. त्यात विंडोज, कॅड आणि शंभर जीबीच्या वरचे दोन गेम टाकले की जागा संपत आली. त्यासाठी आत्ता पैसे वाढवू नका, फक्त दुसरा एम डॉट टू स्लॉट (नंतर आणखी एक एसएसडी बसवायची खाच) रिकामा आहे एवढी खात्री करा.

आता घरच्या परिस्थितीचं. दुकानात एसी असतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ३६-३७ अंशांत खेळताना आतलं तापमान दुकानापेक्षा दहा अंशांनी सहज वर जाईल, आणि ९५ अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पहिली वीस मिनिटं गेम छान चालतो आणि मग अडखळायला लागतो, तो यामुळं. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचलून ठेवायची, गादीवर कधीच ठेवायचा नाही. एनव्हिडियाच्या सेटिंगमध्ये मॅक्स फ्रेम रेट १४१ च्या आसपास बांधला तर व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कार्ड उगाच तापत नाही. तरी तापमान उतरलं नाही तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा. त्यानं प्रोसेसरची टर्बो उडी बंद होते, तापमान बरंच खाली येतं आणि कार्डावर चालणाऱ्या गेममध्ये फारसं काही गमवावं लागत नाही. व्हॅलोरंट खेळताना मात्र ते १०० वरच ठेवा.

आपल्याकडं साखर कारखान्यांच्या गावांत गळीत हंगामात जळलेल्या बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काजळी उडते, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते ती. लॅपटॉपचे पंखे तीच आत ओढतात आणि जाळीत तिचा नमदा जमतो. हंगाम संपला की एकदा, आणि पावसाळ्यानंतर एकदा, जाळी साफ करून घ्या. हवा मारताना पंख्याची पाती काडीनं अडवून धरायची. ती मोकळी सोडली तर हवेच्या झोतानं भलत्या वेगानं फिरतात आणि बेअरिंग जातं.

लाईटचंही बघायला हवं. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा, नुसता बटण बंद करून भागत नाही. लाईट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, बंद पडतो तो राऊटर, म्हणून छोटा यूपीएस घ्यायचाच तर राऊटरसाठी घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोठा चार्जर गुणगुणतो आणि तापतो. चार्जर तीन पिनांचा असतो आणि अर्थिंगची पिन कामाची असते. ती काढून दोन पिनांच्या जोडणीत लावला किंवा घरात अर्थिंग नसलं, की लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. दोष लॅपटॉपचा नसतो, वायरमनला बोलवा. आणि लॅपटॉप बहुतेक वेळ वायरीलाच राहणार असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, बॅटरी जास्त वर्षं टिकते.

पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर किंवा हेल्पलाइनवर तुमचा पिनकोड, कागलचा ४१६२१६, सांगून विचारा की ऑनसाइट सर्व्हिस घरापर्यंत मिळते का. ऑनसाइट नसेल तर सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवावा लागतो, हेही लगेच विचारा. चांगल्या दोन लॅपटॉपांत निवड अडली तर ज्याची सर्व्हिस जवळ, तो घ्या. नो-कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर बँक व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी लावते. तुमच्याकडं रोख आहे, तर रोखीचा भाव वेगळा किती ते विचारून मगच ठरवा.

खोका दुकानातच उघडा, उघडताना व्हिडिओ काढा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवते ते बघा. जुना साठा असेल तर तारीख काही महिने मागची निघते, बिल पाठवून ती दुरुस्त करून घेता येते, पण ते काम दुकानदाराकडून त्याच दिवशी करून घ्या. पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा करून मेलेले ठिपके शोधा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मोठा चार्जर लावून, परफॉर्मन्स मोडवर, भावाला जीटीए ५ जास्तीत जास्त सेटिंगवर अर्धा तास खेळू द्या. एनव्हिडिया ॲप टाकलं की अल्ट आणि आर दाबून पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतात. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असताना त्याचे वॉट किती दिसतात ते विसाव्या मिनिटाला बघायचं, पहिल्या मिनिटाला नाही. ९५ सांगितलेलं कार्ड तिथं ८५-९५ दाखवत असेल तर लॅपटॉप बरोबर आहे. ५०-६० वर अडकलं असेल तर आधी मोड आणि चार्जर तपासा, विंडोज आणि कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करून पुन्हा बघा. तरीही तेच आलं तर पडद्याचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी सकाळी बिलासकट दुकानात जा. बदलून मिळण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे मात्र बिल करतानाच त्याच्यावर लिहून घेतलेलं असू द्या.